शाळेचे नाटक आणि शंभर तासांची वही

डिसेंबर उजाडला की आपल्या भागातील हायस्कुलांतून स्नेहसंमेलनाची धांदल सुरू होते. नाटकाची आवड असलेले एखादे सर किंवा बाई कंबर कसतात. आठ-दहा चुणचुणीत मुले निवडली जातात, शेवटचे दोन तास बुडवून तालमी होतात. गावातल्या मंडळाकडून पडदे येतात, कुणाच्या आजोबांचे धोतर आणि कुणाच्या आजीचे लुगडे येते, आणि एका रात्रीत नाटक पार पडते. दुसऱ्या दिवशी मुख्य भूमिकेतल्या मुलाला बक्षीस मिळते, त्याचा फोटो निघतो. पडदा ओढणारा, विंगेत बॅटरी धरून प्रॉम्प्टिंग करणारी, पुठ्ठ्याचा राजवाडा रंगवून रात्रभर वाळत ठेवणारे, खुर्च्या मांडणारे आणि पुन्हा मोजून परत करणारे, यांची नावे कुणाच्या ध्यानात राहात नाहीत. आणि पुढच्या वर्षी त्या सरांची बदली झाली म्हणजे नाटकही त्यांच्याबरोबर जाते. मग तीन-चार वर्षे नुसते रेकॉर्ड डान्स.

हे दुखणे केवळ आपलेच आहे असे समजण्याचे कारण नाही. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील काही शिक्षकांनाही ते जाणवले होते. त्यांनी त्यावर जो उपाय काढला तो आजही चालू आहे, आणि तो इतका साधा आहे की त्याची माहिती आपल्या शाळांनी करून घ्यावयास हरकत नाही.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात फेअरमॉन्ट नावाचे गाव आहे. कोळशाच्या खाणींचा मुलूख. तेथील कॉलेजात पॉल ऑप नावाचे प्राध्यापक नाटके बसवीत. कॉलेजातील नाटकवेड्या मुलांसाठी त्यांनी १९२५ साली ‘अल्फा साय ओमेगा’ ही संस्था काढली. कॉलेजात हे जमते, तर हायस्कुलात का जमू नये, असा प्रश्न पुढे आला. ऑप यांच्या जोडीला अर्ल ब्लँक आणि हॅरी लीपर हे दोघे शिक्षक उभे राहिले, आणि १९२९ साली ‘नॅशनल थेस्पियन सोसायटी’ स्थापन झाली. पुढे ‘नॅशनल’च्या जागी ‘इंटरनॅशनल’ आले. आज तिचे कार्यालय ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात आहे, आणि आतापर्यंत वीस लाखांहून अधिक मुलामुलींनी तिचे सदस्यत्व मिळविले आहे.

नावाची गंमतही सांगण्यासारखी आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात ग्रीस देशात थेस्पिस नावाचा एक माणूस होऊन गेला. तोवर तिकडे देवाच्या उत्सवात सगळे मिळून कोरसाने गात. त्या घोळक्यातून बाहेर पडून एकट्याने पात्र म्हणून बोलणारा पहिला तो, अशी परंपरा सांगते. म्हणून इंग्रजीत नटाला ‘थेस्पियन’ म्हणू लागले. आपल्याकडे विष्णुदास भाव्यांना जो मान आहे, तसाच काहीसा हा मान. फरक इतकाच की भाव्यांविषयी आपल्याला पक्की माहिती आहे आणि थेस्पिसविषयी बरीचशी आख्यायिका.

आता ‘ऑनर सोसायटी’ म्हणजे काय, ते पाहू. अमेरिकेतील शाळांत ही जुनी पद्धत आहे. अभ्यासात किंवा एखाद्या विषयात ज्यांनी विशेष काम केले असेल अशा मुलांना एका मानाच्या मंडळात घेतात. हे साधे क्लब नव्हे. क्लबात नाव घातले की कुणीही जातो. मानाच्या मंडळात जागा मिळवावी लागते. बहुतेक मंडळांत ती परीक्षेतल्या गुणांवर मिळते. नाटकाच्या मंडळाने मात्र मोजमाप निराळे घेतले. आवाज कुणाचा खणखणीत, दिसायला कोण देखणा, कुणाला टाळ्या जास्त, यातले काहीच ते मोजत नाही. ते तास मोजते.

दहा तास मन लावून केलेले काम म्हणजे एक गुण. असे दहा गुण झाले, म्हणजे साधारण शंभर तास भरले, की विद्यार्थी सदस्य होण्यास पात्र ठरतो. हे तास कशाचे, तर नाटकाच्या कोणत्याही कामाचे. अभिनय हे त्यातले एक काम. दिवे लावणे, कपडे शिवणे, सामान गोळा करणे, पडदा रंगविणे, तिकिटे विकणे, जाहिरातीचे फलक लिहिणे, दाराशी उभे राहून प्रेक्षकांना जागा दाखविणे, नवी संहिता लिहिणे, हे सारे हिशेबात धरले जाते. कोणत्या कामाला साधारण किती गुण द्यावेत याचा तक्ता संस्थेने करून ठेवला आहे. त्यातली एक नोंद मला फार बोलकी वाटते. मोठ्या नाटकातील प्रमुख भूमिकेला आठ गुण, आणि त्याच नाटकाच्या रंगमंच-व्यवस्थापकालाही आठच. म्हणजे राजा झालेला मुलगा आणि राजाची तलवार वेळेवर त्याच्या हातात देणारी, कोणता दिवा केव्हा विझवायचा ते वहीत लिहून ठेवणारी, सर्वांना हाका मारून जागेवर उभी करणारी मुलगी, या दोघांचा मान एकच!

आपल्या स्नेहसंमेलनात असे कधी झाले आहे काय?

शंभर तासांवर काम थांबत नाही. साठ गुण, म्हणजे सहाशे तास झाले की वरची पायरी. मग एकशे वीस. आणि एकशे ऐंशी, म्हणजे अठराशे तासांची सर्वांत वरची. तिकडचे हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते आणि तास एका वर्षातून पुढच्या वर्षात नेता येतात. त्यामुळे नववीत खुर्च्या लावणारा पोरगा बारावीत दिग्दर्शन करताना दिसतो, आणि त्याच्या नावावरचा प्रत्येक तास वहीत असतो.

अशी शाखा शाळेत सुरू करावयाची कशी? तिकडची रीत अशी. प्रथम एक शिक्षक पुढे यावा लागतो. जबाबदार शिक्षक नसेल तर शाखा मिळत नाही. शाळा संस्थेकडे अर्ज करते, वर्गणी भरते, आणि तिला सनद व एक क्रमांक मिळतो. शाखेला ‘ट्रूप’ म्हणतात. आपल्या भाषेत नाटक मंडळी. पहिल्या क्रमांकाची मंडळी वायोमिंग राज्यातील कॅस्पर गावच्या हायस्कुलात आहे. वर उल्लेख आलेले अर्ल ब्लँक तेथेच शिकवीत. या क्रमांकाला माझ्या मते फार महत्त्व आहे. तो शाळेचा असतो, शिक्षकाचा नव्हे. सर निवृत्त झाले, बाई दुसऱ्या गावी गेल्या, तरी क्रमांक शाळेतच राहतो आणि नव्याने येणाऱ्याला विचारावेच लागते की आपल्या मंडळीचे यंदा काय करायचे.

त्यानंतर मुलांतूनच अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडले जातात. यातले सर्वांत किचकट काम तासांचा हिशेब ठेवणाऱ्याचे. कोण किती वेळ आला, काय केले, ते तो टिपून ठेवतो आणि शिक्षक तपासून सही करतात. नुसते येऊन भिंतीला टेकून बसलेल्याचे तास धरत नाहीत. हे ठरविणे शिक्षकाच्या हाती असते, आणि तेथे त्याचा निःपक्षपातीपणा कसाला लागतो.

वर्षातून एकदा नव्या सदस्यांना समारंभाने आत घेतात. पुष्कळ ठिकाणी सभागृहातील दिवे मालवून मेणबत्त्या लावतात, जुने सदस्य नव्यांना नाट्यकलेची थोडी ओळख करून देतात, नवे सदस्य शपथ घेऊन वहीत सही करतात. आईवडील आलेले असतात. ज्यांचे पोर कधी रंगमंचावर दिसले नाही अशांनाही त्या दिवशी आपल्या पोराचे नाव मोठ्याने पुकारलेले ऐकू येते.

मंडळीचे वर्षही भरगच्च असते. एक मोठे नाटक, काही एकांकिका, राज्याचा महोत्सव, आणि त्यातून निवड झाली तर उन्हाळ्यात देशपातळीवरचा महोत्सव. तो पहिल्यांदा १९४१ साली इंडियाना विद्यापीठात, ब्लूमिंग्टन येथे भरला. मधल्या काळात, १९९५ ते २०१९, तो नेब्रास्का राज्यातील लिंकन शहरी होत असे. कोरोनाच्या दोन वर्षांनंतर २०२२ पासून पुन्हा ब्लूमिंग्टनला गेला. तेथे एकपात्री आणि द्विपात्री प्रवेशांच्या जोडीने वेशभूषेची, नेपथ्याची, प्रकाशयोजनेची, रंगमंच-व्यवस्थेची, इतकेच काय नाटकाच्या जाहिरातीचीही स्वतंत्र स्पर्धा असते. शिंप्याच्या कसबाला आणि चित्रकाराच्या कुंचल्याला तेथे नटाइतकीच दाद मिळते.

पैशाचे सोंग मात्र तिकडेही आणता येत नाही. मुले घरी केलेले केक विकतात, शनिवारी लोकांच्या मोटारी धुऊन देतात आणि त्यातून कपडेपटाचा खर्च काढतात. मोठा खर्च असतो नाटककाराच्या मानधनाचा. परवानगी घेतल्यावाचून शाळेलाही प्रयोग करता येत नाही. या बाबतीत आपण अंमळ सैल आहोत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने शाळांना एक सवलत दिली आहे. शिक्षक व विद्यार्थ्यांनी शाळेच्या कामकाजाचा भाग म्हणून केलेला प्रयोग केवळ शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळींसमोर असेल तर तो भंग ठरत नाही. पण तोच प्रयोग तिकीट लावून गावापुढे केला की लेखकाची परवानगी घेणे आले. पत्र पाठवून विचारले तर बहुतेक लेखक शाळेला अडवीत नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

या सगळ्यात डोळे मिटून घेण्यासारखे काही नाही. प्रत्येक मुलाला सदस्य होताना फी भरावी लागते, आणि पदके, गोफ, बिल्ले यांचा एक छोटा बाजारच तिकडे झाला आहे. कॉलेजात प्रवेश घेताना अर्जावर ‘ऑनर’ दिसावा एवढ्यासाठी तास भरणारी मुलेही असणारच. कलेचे तास मोजावेत काय, असा आक्षेप कुणी घेईल. आक्षेप खोटा नाही. पण न मोजण्याने आपल्याकडे काय झाले ते वर सांगितले आहे. जे मोजले जात नाही ते फक्त नायकाच्या नावावर जमा होते.

आता आपल्या भागाकडे वळू. नाटक ही काही येथे बाहेरून आणावयाची वस्तू नव्हे. मराठी रंगभूमीचा पाया १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी घातला, तो कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. कानडी यक्षगान आणि मराठी नाटक यांचे नाते असे पहिल्या दिवसापासूनचे आहे, आणि दोन्ही भाषा कानांवर घेऊन वाढणाऱ्या आपल्या पोरांना ते ठाऊक असावयास हवे. त्याच १८४३ साली गुर्लहोसूर या बेळगाव जिल्ह्यातल्या गावी अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. १८८० साली पुण्यात त्यांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पलीकडे गोव्यात देवळाच्या जत्रेला गावकऱ्यांनी स्वतः उभे राहून नाटक करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपल्याही कित्येक गावांत जत्रेच्या नाटकात काम केलेले म्हातारे, पेटीवाले, रंगपटवाले आज घरी बसून आहेत. शाळेच्या मंडळीने त्यांना आठवड्यातून एकदा बोलावले तर ते आनंदाने येतील. त्यांच्याकडची मिशी चिकटविण्याची हातोटी कुठल्याच पुस्तकात नाही.

आणि भाषेचे काय? सीमेवरच्या मराठी शाळेतल्या मुलाची बोली घरात एक, पुस्तकात दुसरी असते. घरच्या मराठीत कानडी शब्द सहज मिसळलेले असतात, कोकणीचा हेलही असतो. पुस्तकातील मराठी त्याला वाचता येते, परीक्षेत लिहिता येते. मात्र चार माणसांपुढे मोठ्याने, पूर्ण वाक्यात, ठसक्याने बोलण्याची वेळ शाळेत फारशी येतच नाही. वर्गात तो धडा वाचतो तेव्हा त्याचे लक्ष ओळीवर असते. तालमीत तेच वाक्य वीसदा म्हणावे लागते. कुणाला उद्देशून, का, रागाने की लाडाने, हे कळल्याशिवाय ते जमत नाही. शंभर तास म्हणजे शंभर तास मराठी बोलणे आणि ऐकणे. प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मुलीला तर सगळ्या पात्रांची मराठी पाठ होते! नाटकात प्रमाणभाषेबरोबर गावच्या बोलीलाही जागा असते. पाटील, सावकार, म्हातारी ही पात्रे पुस्तकी भाषेत बोलली तर प्रेक्षकच हसतात. आपली बोली चुकीची आहे, ही जी भीती मुलांच्या मनात बसलेली असते ती येथे सुटते.

संहितांची वाण नाही. सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ काढून रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठीत बालनाट्याचे दालन भरत आले आहे. पण शहरी मुलांसाठी लिहिलेले प्रत्येक नाटक आपल्या मुलांच्या तोंडी बसेलच असे नाही. तेव्हा मुलांनीच एखादा प्रवेश लिहावा, आणि लिहिण्याचेही तास धरावेत. बाजारात भाजी घेऊन बसलेली मावशी एका गिऱ्हाइकाशी मराठीत आणि दुसऱ्याशी कानडीत घासाघीस करते, यात पाऊण तासाची एकांकिका दडलेली आहे.

अमेरिकेतल्या संस्थेचे सदस्य होण्याची आपल्या शाळांना काहीच गरज नाही. दोनशे पानी एक वही पुरे. तारीख, नाव, काम, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि सही, असे पाच रकाने आखावेत. हिशेबनीस शक्यतो आठवी-नववीतला असावा, आणि तो नाटकात काम करणारा नसावा. शिक्षक एक नको, दोन हवेत; म्हणजे एकाची बदली झाली तरी दुसरा वही सांभाळील. पहिल्या वर्षी गाजावाजा करू नये. दहा-बारा मुले पुष्कळ झाली.

वेळेचा हिशेब करून पाहू. आठवड्यातून चार दिवस दीड-दीड तास धरला तर सहा तास होतात. सतरा आठवड्यांत एकशे दोन. जूनच्या मध्याला सुरुवात केली, गणपती आणि दसऱ्याची सुटी वगळली, तर नोव्हेंबरच्या आरंभी शंभर तास भरतात. पाच नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. नव्या सदस्यांना आत घेण्यास याहून चांगला दिवस शोधावयास नको. त्या वर्षी दिवाळीची सुटी आड आली तर आठवडाभर पुढेमागे करावे. मग डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात उभी राहणारी मुले तीन आठवड्यांच्या तालमीची नसतील, सहा महिन्यांची असतील.

कागदावरचे तास आणि गावातले तास यांत अंतर पडते हे खरे. भात लावणीच्या दिवसांत पोरे शेतावर लागतात. शेवटची एस.टी. गेली की चार मैल चालत जावे लागते, आणि उशिरापर्यंत तालीम म्हटली की मुलींची नावे सर्वांत आधी गळतात. म्हणून तालीम शाळा सुटल्यावर न ठेवता मधल्या सुटीला जोडून किंवा शनिवारी सकाळच्या शाळेनंतर ठेवावी. मुलींनी घरी बसून शिवलेले कपडे, केलेले मुकुट यांचे तास धरावेत. काम शाळेत झाले की घरी, याने फरक पडू नये. ज्याला एका वर्षात शंभर जमत नाहीत त्याचे साठ पुढच्या वर्षात न्यावेत. आपल्याकडे आठवी ते दहावी अशी तीनच वर्षे मिळतात आणि दहावीचे वर्ष एस.एस.एल.सी.च्या अभ्यासात जाते, तेव्हा खरी कमाई आठवी-नववीतच व्हावयास हवी. दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एखादा तास येऊन लहानांना शिकवावे, तेवढे पुरे. शिकविण्याचेही तास धरावेत.

खर्चाच्या बाबतीत एक सूचना. बिल्ले, पदके यांच्या मागे लागू नये. सदस्य झालेल्यांची नावे शाळेच्या व्हरांड्यात एका फळीवर रंगवून लिहावीत. नावापुढे भूमिका लिहू नये, फक्त वर्ष लिहावे. रंगकाम मंडळीतल्याच एखाद्या मुलाकडून करून घ्यावे, आणि त्याचे दोन तास त्याच्या खात्यावर मांडावेत.

बदली होणारे सर चार्ज देताना हजेरीपत्रके, प्रयोगशाळेची यादी, कपाटांच्या किल्ल्या मोजून देतात. त्या यादीत ही वहीही लिहिलेली असावी, शेवटचे पान कोणत्या क्रमांकाचे आहे त्यासह.